मनगट दुखतंय? आधी एका बोटाने दाखवा

"मॅडम, हात दुखतो."

"कुठे?"

"सगळाच."

आणि मग दुसऱ्या हाताचा पंजा कोपरापासून बोटांच्या टोकांपर्यंत फिरतो. पुण्यात कोथरूडच्या माझ्या छोट्या फिजिओथेरपी क्लिनिकमध्ये हा संवाद रोज एकदा तरी होतोच. सोबत एक पिशवी असते. तिच्यात क्रेप बँडेज, अर्धी संपलेली मलमाची ट्यूब, शेजारणीने दिलेलं कसलंसं तेल आणि मानेचा एक्स-रे. उपचार चिक्कार झालेले असतात, ते कशावर चाललेत एवढंच ठरायचं राहिलेलं असतं.

मनगटात आठ छोटी हाडं आहेत. तळव्याच्या बाजूला एक अरुंद बोगदा आहे, त्यातून बोटं आणि अंगठा वाकवणारे नऊ टेंडन (स्नायूंना हाडांशी जोडणारे दोर) आणि एक नस जाते. पाठीमागच्या बाजूला बोटं सरळ करणारे टेंडन सहा कप्प्यांतून जातात. एवढ्या दाटीत बोट अर्धा इंच सरकलं की आजार बदलतो. म्हणून पंजा फिरवू नका, एक बोट ठेवा. ज्यांचा हात नुकताच दुखायला लागलाय आणि सुरुवात कुठून करायची तेच कळत नाहीये, त्यांच्यासाठी हे लिहितेय.

आधी हे नाही ना, ते बघा

पडल्यावर मनगट वाकडं दिसतंय, बोटं गार किंवा निळी पडलीत, कापल्यानंतर बोट वाकत नाही किंवा त्याचं टोक बधिर झालंय, तर पुढचं वाचत बसू नका, सरळ कॅज्युअल्टी गाठा. आख्खं बोट सुजून अर्धवट वाकलेलं राहतंय आणि कुणी ते सरळ करायला गेलं की ब्रह्मांड आठवतंय, तर तेही त्याच दिवशी दाखवायचं. टेंडनच्या आवरणात पू झालेला असू शकतो. मांजर चावल्यावर जखम टाचणीएवढी दिसते, पण दात खोल गेलेला असतो, तिला हलक्यात घेऊ नका. हात अचानक लुळा पडला, बोलणं अडखळलं किंवा छातीत दाबल्यासारखं होऊन कळ हातात उतरली, तर दुखणं हाताचं नाहीच. १०८ ला फोन करा.

आणि एक साधी गोष्ट. हाताला मार लागला की पहिल्यांदा अंगठी आणि बांगड्या काढा. सूज चढल्यावर सोन्याची अंगठी कापताना बघणं फार जिवावर येतं, बघणाऱ्याच्याही.

मग दोन दिवस फक्त लक्ष ठेवा

वहीच्या मागच्या पानावर दोन्ही पंजे ठेवून पेनने त्यांच्या कडा काढा. दुखतं तिथे रेघोट्या मारा, मुंग्या येतात तिथे टिंबं द्या. बाजूला दोनच गोष्टी लिहा: किती वाजता आणि काय करताना. "पोळ्या लाटताना" एवढ्यावर थांबू नका. कणीक मळताना, लाटताना की तवा उचलताना? तिन्हींत वेगवेगळे भाग कामाला लागतात. हा कागद जपून ठेवा.

टिंबं जास्त असतील तर

निवृत्त झालेल्या एक काकू आल्या होत्या. तीन महिने मानेचे व्यायाम चालू होते, गळ्यात पट्टा होता. मी विचारलं, "रात्री काय होतं?" त्यांनी काही न बोलता हात खाली सोडला आणि पाणी झटकावं तसा झटकला. पहाटे तीनला उठून त्या रोज हेच करायच्या. मग मी म्हटलं, "काकू, एकेका बोटाला हात लावून सांगा, मुंग्या कुठे?" अंगठा, तर्जनी, मधलं बोट, अनामिकेची अंगठ्याकडची बाजू. करंगळीपाशी येऊन त्या थांबल्या. "अगं, हिला काहीच नाही की!"

तिथेच निम्मं निदान झालं. मघाशी सांगितलेल्या बोगद्यात जी एकुलती एक नस आहे, ती याच साडेतीन बोटांना संवेदना पुरवते. करंगळीची नस वेगळी, ती या बोगद्यातून जातच नाही. बोगद्यात सूज आली की दाब नसेवर येतो. झोपेत मनगट दुमडलं जातं, दाब आणखी वाढतो आणि पहाटे हात झटकावा लागतो. याला कार्पल टनेल सिंड्रोम म्हणतात. घरी करायची चाचणी सोपी आहे: दोन्ही पंजांच्या मागच्या बाजू एकमेकींना टेकवा, बोटं जमिनीकडे, कोपरं बाजूला, आणि ६० सेकंद थांबा. त्याच बोटांत मुंग्या आल्या तर संशय पक्का होतो. काकूंना विसाव्या सेकंदालाच आल्या.

पुढे त्यांच्या फॅमिली डॉक्टरांनी रक्त तपासलं, टीएसएच, म्हणजे थायरॉईडच्या तपासणीतला आकडा, वाढलेला निघाला. थायरॉईड, मधुमेह, गरोदरपण, वाढलेलं वजन, आमवात (रुमेटॉइड आर्थ्रायटिस) ही या दुखण्यामागची नेहमीची मंडळी. हिंजवडीच्या आयटी कंपन्यांतून येणारी मुलं मात्र आल्या आल्या कीबोर्डकडे बोट दाखवतात. कीबोर्डने हात अवघडतो, दुखतो, हे खरं. पण या नसेच्या आजाराशी जोर लावून पकडण्याच्या आणि कंप पावणाऱ्या यंत्रांवरच्या कामाचा संबंध टायपिंगपेक्षा कितीतरी पक्का आहे. दीड-दोन तास खड्ड्यांतून दुचाकी हाकत ऑफिसला जायचं आणि दोष माउसला द्यायचा, असं नको. आणि शुगर, थायरॉईड तपासल्याशिवाय नवी खुर्ची घेऊ नका.

उपचाराची सुरुवात रात्रीच्या स्प्लिंटने, म्हणजे मनगट स्थिर ठेवणाऱ्या पट्ट्याने. इथे बहुतेक जण एक चूक करतात. मेडिकलमध्ये मिळणाऱ्या मनगटाच्या पट्ट्यात तळव्याच्या बाजूला एक धातूची पट्टी असते आणि ती बऱ्याचदा वरच्या बाजूला वाकवलेली येते. मनगट मागे वाकलं तरी बोगद्यातला दाब वाढतोच. ती पट्टी खिशातून बाहेर काढा, टेबलावर दाबून सरळ करा, पुन्हा घाला. हस्तांदोलनाला हात पुढे केल्यावर मनगट जसं सरळ असतं, तसं रात्रभर राहायला हवं. घट्ट आवळायचं नाही, आवळलं की मुंग्या वाढतात. सहा आठवडे नेमाने लावा. चार रात्री लावून "फरक नाही" म्हणू नका.

हातातून कप निसटतोय, शर्टाची बटणं लागत नाहीत, अंगठ्याच्या मुळाशी असलेली मांसल गादी दुसऱ्या हातापेक्षा बसकी दिसतेय, तर मात्र स्प्लिंटवर वेळ काढू नका. नस बराच काळ दबलेली आहे, सर्जनला दाखवा.

टिंबं करंगळीवर असतील तर मनगट सोडा, कोपर बघा. कोपर कुठे आपटल्यावर झिणझिण्या येतात ना, तीच ती नस. कोपर दुमडून तासन्‌तास फोन कानाला, रात्री हात उशीखाली दुमडलेला, असं असेल तर झोपताना कोपराला टॉवेल सैलसर गुंडाळा, म्हणजे हात पूर्ण दुमडणार नाही. मान वळवल्यावर कळ दंडातून खाली उतरत असेल तर मानेचा एक्स-रे कामाचा. आणि हातांबरोबर तळपायांनाही मुंग्या असतील तर शुगर आणि बी-१२ तपासा. शाकाहारी घरांत बी-१२ कमी निघणं काही नवलाचं नाही.

अंगठ्याच्या बाजूची कळ

अंगठा मुठीत घ्या आणि मूठ हळूच करंगळीकडे झुकवा. थोडा ताण सगळ्यांनाच जाणवतो, म्हणून आधी चांगल्या हातावर करून बघा. दुखऱ्या बाजूला मनगटावर चटका बसल्यासारखी कळ आली, तर अंगठा उचलणारे दोन टेंडन त्यांच्या कप्प्यात घासताहेत. १८९५ साली फ्रिट्झ द क्वेर्व्हेन या स्विस सर्जननी या आजाराचं वर्णन केलं, म्हणून डॉक्टरांच्या चिठ्ठीवर त्यांचं आडनाव दिसतं.

बाळंतिणींमध्ये हे फार दिसतं. बाळाला काखेत धरून उचलताना दोन्ही अंगठे काटकोनात ताणले जातात, दिवसातून पन्नास वेळा. नातवंडं सांभाळणाऱ्या आज्यांचंही तेच. उचलताना एक हात बाळाच्या ढुंगणाखाली आणि एक मानेखाली, तळवे वरच्या बाजूला ठेवा. वजन अंगठ्यांवर न येता दंडांवर येतं. घरातले म्हणतात, "पहिलं बाळ आहे, सवय होईल." सवय होत नाही, सूज वाढते.

पुण्याचा खास रुग्ण म्हणजे ढोलवाला. गणपतीच्या दीड-दोन महिने आधी नदीपात्रात पथकांचे सराव सुरू होतात आणि दोन आठवड्यांत माझ्याकडे कॉलेजची पोरं येतात, तळहाताला फोड आणि मनगटाला क्रेप बँडेज. एकाला मी क्लिनिकमध्येच टिपरू (ढोल वाजवायची काठी) धरायला लावलं. बोटांची पेरं पांढरी पडली होती, इतकी घट्ट मूठ. जोर कोपरातून आणि खांद्यातून यायच्या ऐवजी सगळा मनगटातून येत होता. शिवाय वर्षभर काही नाही आणि पहिल्याच दिवशी तीन तास सराव. त्याला पंधरा दिवस अंगठा धरून ठेवणारा स्प्लिंट दिला, मग रोज वीस मिनिटं वाजवायचं, दर दोन-तीन दिवसांनी दहा वाढवायची, मूठ सैल. "ताई, ढोल बंद करायला लावू नका" एवढंच त्याचं म्हणणं होतं. कायमचा बंद करायची गरजही पडली नाही.

वय पन्नाशीच्या पुढे, दुखतं अंगठ्याच्या अगदी मुळाशी, आणि बरणीचं झाकण, किल्ली किंवा सांडशी यांनी जीव नको होतो, तर तिथल्या सांध्याची झीज असण्याची शक्यता जास्त. कुकर सांडशीने उचलणं बंद करा, दोन्ही हातांत जाड फडकं घेऊन उचला. झाकणासाठी रबरी हातमोजा घाला. दिवाळीत सोऱ्या दुसऱ्या कुणाला तरी फिरवू द्या, चकल्या बिघडत नाहीत.

अडकणारं बोट आणि मनगटावरची गाठ

सकाळी बोट वाकलेलं अडकतं आणि दुसऱ्या हाताने सरळ केलं की टक्‌कन सुटतं, हे ट्रिगर फिंगर. तळहातात बोटाच्या मुळाशी टेंडनचं कडं जाड झालेलं असतं. मधुमेह्यांत जास्त. टक्‌ आवाज पुन्हापुन्हा काढून बघू नका, तेवढ्याने सूज वाढते. मनगटाच्या मागच्या बाजूला गुळगुळीत फुगवटा आला तर बहुतेक वेळा ते गँगलियन असतं, आत जेलीसारखा द्रव. दुखत नसेल तर राहू द्या, बऱ्याच गाठी आपोआप जिरतात. जुन्या काळी जाड पुस्तक आपटून फोडायचे. करू नका.

सांधेच सुजलेत?

इथे घड्याळ लावा. सकाळी उठल्यावर हात आखडलेले असतात, ते मोकळे व्हायला किती वेळ लागतो? अर्ध्या तासाच्या आत मोकळे होत असतील आणि बोटांच्या टोकाजवळच्या पेरांना कडक गाठी असतील तर ती झीज. तासाहून जास्त लागत असेल, दोन्ही हातांची मुळाकडची आणि मधली पेरं मऊ सुजलेली असतील, तर आमवाताचा संशय घ्या आणि संधिवाततज्ज्ञ गाठा. मराठीत आपण सगळ्यालाच "वात" म्हणतो, तिथे घोळ होतो. झिजेत घाई नसते. आमवातात पहिले काही महिने मोलाचे, कारण उशीर झाला की सांधे कायमचे वाकडे होतात. ईएसआर, सीआरपी, आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी या त्याच्या तपासण्या. मेथोट्रेक्सेट नावाची गोळी लिहून दिली तर ती आठवड्यातून एकदा असते. चुकून रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं. कॅलेंडरवर त्या वाराला खूण करा.

पावसाळ्यात आणि तो संपताना पुण्यात आणखी एक प्रश्न विचारावा लागतो: गेल्या दोन-तीन महिन्यांत ताप आला होता का? २०२४ च्या पावसाळ्यात शहरात चिकुनगुन्याचा मोठा फैलाव झाला, आणि पुढे कितीतरी दिवस मनगटं आणि बोटं धरून बसलेली माणसं माझ्याकडे येत होती. ताप चार-पाच दिवसांत जातो, सांधे काही महिने रेंगाळतात. यात हलका व्यायाम आणि धीर लागतो. मात्र ताप चालू असताना तो डेंग्यू नाही हे कळेपर्यंत अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या घेऊ नका, रक्तस्रावाचा धोका असतो. पॅरासिटामॉल चालतं.

पडला असाल तर तपकिरीचा खळगा दाबा

अंगठा वर ताणून धरला की त्याच्या मुळाशी, मनगटावर, दोन दोऱ्यांमध्ये एक खळगा दिसतो. पूर्वी लोक तिथे चिमूटभर तपकीर ठेवून ओढायचे, म्हणून शरीरशास्त्रातही त्याचं नाव तपकिरीवरूनच आहे. त्याच्या तळाशी स्कॅफॉइड नावाचं काजूएवढं हाड असतं.

याबाबतीत मी स्वतःच फसले. पहिला पाऊस, कर्वे रोड, रस्त्यावर तेलाचा तवंग. स्कूटर घसरली, मी हात टेकवला. जवळच्या एका हॉस्पिटलमध्ये एक्स-रे काढला. "फ्रॅक्चर नाही, लचकलंय." मीही खूश झाले, कारण त्या आठवड्यात अपॉइंटमेंट भरलेल्या होत्या. तीन आठवडे पट्टा बांधून रुग्णांचे खांदे फिरवत राहिले. खळगा दुखत होता, मी तो दाबून बघायचं टाळत होते. दुसऱ्यांदा एक्स-रे काढला तेव्हा स्कॅफॉइडवर बारीक रेघ दिसली. दोन महिन्यांहून जास्त प्लास्टर.

या हाडाची चीर पहिल्या एक्स-रेत बऱ्याचदा दिसतच नाही. आणि त्याचा रक्तपुरवठा बोटांकडच्या टोकाने आत येतो, त्यामुळे मध्ये तुटलं तर मागच्या तुकड्याचं रक्त बंद पडून तो मरू शकतो. म्हणून पडल्यावर हा खळगा दुखत असेल तर एक्स-रे नॉर्मल असला तरी हात अंगठ्यासकट स्थिर ठेवा, दहा ते चौदा दिवसांनी पुन्हा एक्स-रे काढा किंवा आधीच एमआरआय करा. मालिशवाल्याकडे आणि हाड बसवणाऱ्याकडे तोवर जायचं नाही. पन्नाशीनंतर नुसतं उभ्या उभ्या पडून मनगट मोडलं असेल, तर प्लास्टर निघाल्यावर हाडांची घनताही तपासून घ्या.

घरचे तीन आठवडे

धोक्याचं काही नसेल तर इतका वेळ घरी देऊन बघा. ताज्या सुजेला बर्फ, कापडात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं. जुन्या आखडलेपणाला शेक. बधिर हाताला गरम पिशवी लावू नका, भाजल्याचं कळत नाही. डायक्लोफिनॅक जेल बोटांच्या सांध्यांवर बऱ्यापैकी काम करतं. पोटात घ्यायच्या पेनकिलर मात्र किडनीचा त्रास, अल्सर, ब्लडप्रेशर असणाऱ्यांनी किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोच.

व्यायाम एकच सांगते, पण नीट करा. बोटं सरळ. मग फक्त वरची दोन पेरं वाकवून आकडा करा. सरळ. पूर्ण मूठ. सरळ. मग बोटं मुळापासून वाकवून टेबलासारखी सपाट. सरळ. प्रत्येक ठिकाणी तीन सेकंद, असं पाच वेळा, दिवसातून तीनदा. टेंडन बोगद्यातून मोकळे सरकतात. कळ येईपर्यंत ताणायचं नाही. रबरी बॉल मात्र कपाटात ठेवा. सुजलेल्या टेंडनला तो दाबायला लावणं म्हणजे मुरगळलेल्या पायाने पर्वती चढणं.

लॅपटॉप चार पुस्तकांवर चढवा आणि वेगळा कीबोर्ड लावा, टेबलाची कड मनगटाला रुतू देऊ नका. दुचाकीचे लीव्हर मेकॅनिककडून थोडे खाली करून घ्या, म्हणजे बोटं ठेवल्यावर मनगट मागे वाकत नाही. जाड ग्रिप नाना पेठेत मिळतात. गोधडी पिळायची असेल तर नळाला अडकवून पिळा किंवा सरळ निथळू द्या.

तरी थांबलं नाही तर

फॅमिली डॉक्टरांपासून सुरुवात करा, मग अस्थिरोगतज्ज्ञ. हाताच्या शस्त्रक्रिया काही अस्थिरोगतज्ज्ञ करतात, काही प्लास्टिक सर्जनही करतात, त्याचं नवल वाटू देऊ नका. खासगी परवडत नसेल तर ससून या सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढा. नसेचा संशय असेल तर नर्व्ह कंडक्शन तपासणी सांगतील. हलके विजेचे झटके बसतात, सोसवतात.

"स्टिरॉइड" शब्द ऐकून लोक खुर्चीतून उठतात. गोळ्या महिनोन्‌महिने खाणं वेगळं आणि टेंडनच्या कप्प्यात एक इंजेक्शन वेगळं. अंगठ्याच्या टेंडनला आणि अडकणाऱ्या बोटाला त्याचा चांगला उपयोग होतो. मधुमेह असेल तर पुढचे काही दिवस साखर वाढते, ती मोजा. टोचल्या जागी कातडी थोडी फिकी पडू शकते. ते आधीच विचारून घ्या, नंतर भांडू नका. कार्पल टनेलचं ऑपरेशन बहुधा तेवढाच भाग बधिर करून होतं, बोगद्याचं छत कापतात आणि त्याच दिवशी घरी सोडतात. रात्रीच्या मुंग्या बऱ्याचदा लगेच थांबतात, पकडीची ताकद यायला मात्र काही महिने लागतात. पोळ्या लाटायची घाई नको.

जाताना जुने रिपोर्ट, चालू गोळ्यांची पाकिटं आणि पंजाचा तो कागद न्या. माझ्याकडे जे विसरून येतात त्यांना मी पेन देते आणि टेबलावर पंजा ठेवायला लावते.